डेल्फ्टचा कापडव्यापारी आणि केंद्रकाविना जगणारे जीव

जीवाणू हा शब्द आज शाळेतल्या मुलांच्याही तोंडी असतो. जिवंत असलेला अणूएवढा सूक्ष्म पदार्थ, असा त्याचा साधा सरळ अर्थ. हा जीव पहिल्यांदा मानवी दृष्टीस पडला तेव्हा मात्र जगातल्या कोणत्याही भाषेत त्याला नाव नव्हते. ज्या माणसाने तो पाहिला, तो विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेला कापडाचा व्यापारी होता. त्या काळी विद्वानांची भाषा असलेली लॅटिन त्याला येत नव्हती. मातृभाषा डच हीच त्याची एकमेव भाषा होती. त्याचे नाव आंतॉन व्हान लेव्हेनहूक.

लेव्हेनहूक यांचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी हॉलंडमधील डेल्फ्ट या शहरात झाला. वडील टोपल्या विणण्याचा व्यवसाय करीत, तर आई मद्य गाळणाऱ्या सुखवस्तू घराण्यातली होती. लेव्हेनहूक या नावात सिंह दडलेला आहे. डचमध्ये लेव्ह म्हणजे सिंह आणि हूक म्हणजे कोपरा. शहराच्या पूर्वेला सिंहद्वार नावाची वेस होती आणि तिच्या कोपऱ्यावर या कुटुंबाचे घर होते. त्या जागेचे नावच पुढे आडनाव झाले. विख्यात चित्रकार योहानेस व्हर्मीर यांचा जन्मही त्याच वर्षी त्याच शहरात झाला. डिसेंबर १६७५ मध्ये व्हर्मीर कर्जबाजारी अवस्थेत निवर्तले, तेव्हा त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्यासाठी नगरशासनाने नेमलेले विश्वस्त लेव्हेनहूकच होते.

आंतॉन जेमतेम पाच वर्षांचे असताना वडील वारले. आईने दुसरा विवाह केला. मुलाला आधी दुसऱ्या गावी शाळेत आणि नंतर वकिली करणाऱ्या एका नातलगाकडे ठेवण्यात आले. सोळाव्या वर्षी, १६४८ मध्ये, त्यांना अ‍ॅमस्टरडॅममधील एका कापडाच्या पेढीवर हिशेबनिसाचे काम शिकण्यासाठी पाठवले गेले. सहा वर्षांनी ते डेल्फ्टला परतले, बार्बरा द मे यांच्याशी विवाहबद्ध झाले आणि त्यांनी स्वतःचे कापडाचे दुकान थाटले. त्यांना पाच अपत्ये झाली. त्यांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली. १६६६ मध्ये बार्बरा यांचेही निधन झाले. पाच वर्षांनी लेव्हेनहूक यांनी कॉर्नेलिया स्वाल्मियस यांच्याशी दुसरा विवाह केला.

दुकानाबरोबरच १६६० पासून ते नगरसभेच्या दालनाचे रखवालदार होते. दालन स्वच्छ ठेवणे, बंब पेटवणे, बैठकीनंतर कुलूप लावणे अशी कामे त्या पदाकडे होती. ती ते स्वतः करीत की इतरांकडून करवून घेत हा भाग निराळा, पगार मात्र नियमित मिळे. पुढे १६६९ मध्ये त्यांनी भूमापकाची परीक्षा दिली आणि १६७९ मध्ये शहरात येणाऱ्या मद्याच्या पिंपांचे माप घेणाऱ्या अधिकाऱ्याची जागा त्यांना मिळाली. वरवर पाहता या साऱ्या नोकऱ्यांचा विज्ञानाशी काही संबंध नाही. परंतु सूत मोजणे, जमीन मोजणे आणि पिंप मोजणे हेच ज्याच्या आयुष्याचे काम, त्याने पुढे अदृश्य जीवांचेही माप काढावे, हे त्याच्या स्वभावाला धरूनच झाले.

भिंगाची ओळख

कापडाचा पोत पारखण्यासाठी, ठरावीक जागेत किती धागे आहेत ते मोजण्यासाठी, व्यापारी भिंग वापरीत. लेव्हेनहूक यांच्या हाती भिंग आले ते बहुधा या वाटेने. त्याच सुमारास, १६६५ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीचे रॉबर्ट हुक यांचा मायक्रोग्राफिया हा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. बुचाच्या पातळ कापात हुक यांना मधाच्या पोळ्यासारखी रिकामी घरटी दिसली आणि त्यांनी त्यांना लहान खोली या अर्थाचे सेल हे नाव दिले. मूळ लॅटिन शब्द सेला. मठातल्या कोठडीपासून तुरुंगातल्या कोठडीपर्यंत अनेक ठिकाणी वापरला जाणारा हा शब्द जीवशास्त्रात आला तो असा. मराठीत आपण त्याला पेशी म्हणतो.

हुक यांचे सूक्ष्मदर्शक एकापुढे एक भिंगे बसवलेले होते. लेव्हेनहूक यांची उपकरणे मात्र अगदीच साधी दिसत. बोटभर लांबीच्या दोन पितळी किंवा चांदीच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये पकडलेले मण्याएवढे एकच भिंग आणि त्यासमोर स्क्रूने मागेपुढे होणारी एक सुई. पाहायची वस्तू सुईच्या टोकावर चिकटवायची आणि उपकरण डोळ्याला जवळजवळ टेकवून उजेडाकडे धरायचे. असे शेकडो सूक्ष्मदर्शक त्यांनी स्वतःच्या हातांनी घडवले. आज त्यांतले मोजकेच शिल्लक आहेत. उट्रेख्ट येथे जपलेल्या एकाची वर्धनशक्ती सुमारे २७० पट भरते. अनेक भिंगांच्या तत्कालीन सूक्ष्मदर्शकांना अशी स्पष्टता साधत नव्हती.

१६७३ मध्ये डेल्फ्टचे वैद्य रेनिये द ग्राफ यांनी रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांना लेव्हेनहूक यांच्याविषयी कळवले. बुरशी, मधमाशीची नांगी आणि ऊ यांवरील निरीक्षणांचे त्यांचे पहिले पत्र सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. त्यानंतर सुमारे ५० वर्षे हा पत्रव्यवहार चालू राहिला. लेव्हेनहूक यांनी कधीही शास्त्रीय प्रबंध लिहिला नाही. जे सांगायचे ते पत्रातून, बोलल्यासारख्या डचमध्ये, आणि एका विषयावरून दुसऱ्यावर जात. एकट्या रॉयल सोसायटीला त्यांनी सुमारे १९० पत्रे पाठवली.

मिऱ्याचे पाणी

१६७४ च्या उन्हाळ्यात त्यांनी डेल्फ्टजवळच्या एका सरोवराचे हिरवट पाणी आणून पाहिले. त्यात शेवाळाचे सर्पिल धागे होते आणि त्यांच्यामधून लहान जीव इकडून तिकडे पळत होते. दोन वर्षांनी एका वेगळ्याच प्रश्नाने त्यांना त्याहूनही पुढे नेले. मिरी जिभेला झोंबते ती कशामुळे, असा तो प्रश्न होता. मिऱ्याच्या कणांना सूक्ष्म काटे असावेत आणि तेच जिभेला टोचत असावेत, अशी त्यांची अटकळ होती. काटे दिसावेत म्हणून त्यांनी मिरी पाण्यात भिजत घातली.

या मिऱ्याच्या मागे मोठा इतिहास आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६६३ मध्ये पोर्तुगीजांकडून कोचीन जिंकून घेतले होते. मलबारच्या किनाऱ्यावरून आणि सुमात्रा, जावा या बेटांवरून मिऱ्यांनी भरलेली जहाजे हॉलंडला जात. कंपनीच्या सहा शाखांपैकी एक खुद्द डेल्फ्टमध्ये होती. शब्दानेही तोच प्रवास केला होता. संस्कृतातील पिप्पली, म्हणजे आपली पिंपळी, हा शब्द ग्रीकमध्ये पेपेरी झाला, लॅटिनमध्ये पिपेर आणि डचमध्ये पेपर. वाटेत त्याचा अर्थ लांब पिंपळीवरून गोल मिऱ्याकडे सरकला.

सुमारे तीन आठवडे मिरी पाण्यात राहिली. २४ एप्रिल १६७६ रोजी लेव्हेनहूक यांनी त्या पाण्याचा थेंब भिंगापुढे धरला. काटे दिसले नाहीत. दिसले ते असंख्य जीव, काही अतिशय लहान. त्यांतील सर्वांत लहान जीव इतके सूक्ष्म होते की शंभर जीव एका ओळीत मांडले तरी वाळूच्या एका भरड कणाची लांबी भरणार नाही, असा हिशेब त्यांनी केला. मायक्रोमीटर हे माप तेव्हा अस्तित्वात नव्हते. वाळूचा कण, केस, उवेचा डोळा ही त्यांची मापे होती. त्यांच्या वर्णनावरून हे सर्वांत लहान जीव म्हणजे जीवाणूच होते, यावर अभ्यासकांचे एकमत आहे. पावसाचे, विहिरीचे, नदीचे आणि समुद्राचे पाणी. आले, लवंग आणि जायफळ भिजवलेले पाणी. असे सारे काही त्यांनी तपासले आणि ९ ऑक्टोबर १६७६ रोजी लंडनला एक दीर्घ पत्र पाठवले.

या जीवांना काय म्हणावे, हा प्रश्न त्यांना पडल्याचे दिसत नाही. घरात मुलांशी बोलताना वापरावा तसा डीर्केन्स, म्हणजे चिमुकले प्राणी, हा शब्द त्यांनी वापरला. डीर म्हणजे प्राणी. त्याला लहानपणा दाखवणारा प्रत्यय जोडला की झाला डीर्केन. इंग्रजीत हरणासाठी असलेला डिअर हा शब्दही याच मुळाचा असून, तोही पूर्वी कोणत्याही जनावरासाठी वापरला जाई. लॅटिनमध्ये या जीवांना ॲनिमलक्युला म्हटले गेले. ॲनिमा म्हणजे श्वास, ज्याला श्वास आहे तो ॲनिमल आणि त्याचे लहान रूप ॲनिमलक्युलम. मराठीतला प्राणी हा शब्द प्राण या शब्दावरून तसाच घडलेला आहे. युरोपातील आणि भारतातील भाषांनी जिवंतपणाची खूण म्हणून श्वासाकडेच बोट दाखवले.

पत्राचे भाषांतर ओल्डेनबर्ग यांनी केले. ते जन्माने जर्मन, ब्रेमेनचे. परदेशी विद्वानांशी पत्रव्यवहार ठेवल्याच्या संशयावरून १६६७ मध्ये त्यांना लंडनच्या टॉवरमध्ये कैदही भोगावी लागली होती. तरीही विविध भाषांतून आलेली पत्रे इंग्रजीत आणून प्रसिद्ध करण्याचे काम त्यांनी सोडले नाही. लेव्हेनहूक यांच्या त्या पत्राचे संक्षिप्त भाषांतर १६७७ मध्ये छापले गेले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ओल्डेनबर्ग यांचे निधन झाले.

विश्वासाचा प्रश्न

छापून आले म्हणजे पटले असे नव्हे. पाण्याच्या एका थेंबात हजारो प्राणी राहतात, हे विधान एका दुकानदाराने केले होते आणि ते तपासण्याचे साधन केवळ त्याच्याच घरी होते. हे साधन कसे घडवायचे ते तो सांगायला तयार नव्हता. वनस्पतींचे अभ्यासक नेहेमाया ग्रू यांनी प्रयोग करून पाहण्याचा प्रयत्न केला. त्यात यश आले नाही. लेव्हेनहूक यांचे सारे नाव आता पणाला लागले होते. त्यांनी व्यापाऱ्याला शोभेल असा मार्ग धरला. धर्मोपदेशक आणि नोटरी यांच्यासह आठ प्रतिष्ठित व्यक्तींना घरी बोलावून त्यांनी ते जीव दाखवले आणि आपण काय पाहिले, याची लेखी प्रमाणपत्रे घेऊन ती लंडनला धाडली.

साक्षीदारांच्या शब्दापेक्षा प्रयोग अधिक बोलका ठरला. हुक यांनी पुन्हा मिरी भिजवली, उपकरणात सुधारणा केली आणि १५ नोव्हेंबर १६७७ रोजी सोसायटीच्या सभेत उपस्थित सदस्यांना पाण्यात वळवळणारे जीव प्रत्यक्ष दाखवले. डेल्फ्टच्या कापडव्यापाऱ्याचा शब्द खरा ठरला. १६८० मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. तो सन्मान स्वीकारण्यासाठी किंवा एखाद्या सभेला हजर राहण्यासाठी ते कधीही लंडनला गेले नाहीत. त्यांच्या साऱ्या सभा पत्रांतूनच झाल्या.

१७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रात त्यांनी स्वतःच्या तोंडाकडे मोर्चा वळवला. रोज मिठाने दात घासूनही दाढांच्या फटीत पांढरी, कणकेसारखी कीट साचते, हे त्यांच्या लक्षात आले होते. ती पावसाच्या पाण्यात कालवून पाहताच तिच्यात जीव हालताना दिसले. मग त्यांनी दोन स्त्रियांची, एका मुलाची आणि आयुष्यात कधीही दात न घासलेल्या वृद्धांची कीट तपासली. वृद्धांच्या तोंडात तर जीवांची गर्दीच होती. पत्रासोबत त्यांनी चित्रे जोडली. काठीसारखे, गोल आणि नागमोडी असे निरनिराळे आकार त्यांत दिसतात. जीवाणूंची ही पहिली चित्रे होत. पुढे काही वर्षांनी पुढच्या दातांवरील जीव नाहीसे झालेले पाहून त्यांनी त्याचे कारण शोधले, ते आपल्या गरम कॉफीत. उष्णतेने हे जीव मरतात, हे अशा रीतीने न्याहारीच्या टेबलावर लक्षात आले.

त्यांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट शोधणे कठीण आहे. शुक्रजंतू, स्नायूंचे तंतू, केशवाहिन्यांतून वाहणारे रक्त या सर्वांची वर्णने त्यांच्या पत्रांत आढळतात. पिसू, धान्यातले किडे, शिंपले हे कुजकट पदार्थांतून किंवा वाळूतून आपोआप जन्म घेतात, या समजुतीला त्यांनी निरीक्षणांच्या बळावर सातत्याने विरोध केला. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर याने त्यांना आपल्या नौकेवर भेटीस बोलावले. झारला डच येत असल्याने दुभाषाची गरज पडली नाही. माशाच्या शेपटीतून वाहणारे रक्त लेव्हेनहूक यांनी त्याला दाखवले.

तरी एका बाबतीत ते कमालीचे कृपण होते. सर्वोत्तम भिंगे ते कोणालाही दाखवीत नसत आणि आपली पद्धत कोणाला शिकवीतही नसत. जर्मन तत्त्वज्ञ लायबनिझ यांनी तरुणांना ही विद्या शिकवण्याचा आग्रह धरला, तोही त्यांनी मानला नाही. याची मोठी किंमत विज्ञानाला मोजावी लागली. त्यांच्या मृत्यूनंतर शतकभराहून अधिक काळ जीवाणूंचा अभ्यास फारसा पुढे सरकला नाही. तोंडात आणि आतड्यात राहणारे हे जीव रोगांना कारणीभूत असू शकतात, हा विचार सिद्ध होण्यास तर १९ वे शतक उजाडावे लागले.

नावांचा शोध

लेव्हेनहूक यांच्या चिमुकल्या प्राण्यांना शास्त्रीय नावे मिळाली ती त्यांच्या आकारांवरून. डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ ओटो फ्रीडरिश म्युलर यांनी १८ व्या शतकात थरथरणाऱ्या जीवांसाठी व्हिब्रिओ हे नाव वापरले. लॅटिनमध्ये व्हिब्रारे म्हणजे थरथरणे. १८२८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ख्रिस्तिआन गॉटफ्रीड एरेनबर्ग यांनी बॅक्टेरियम हे नाव दिले. ग्रीक भाषेत बाक्टेरिओन म्हणजे लहान काठी. ब्रेस्लाऊ येथील फर्डिनांड कोन यांनी १८७२ मध्ये या जीवांचे पद्धतशीर वर्गीकरण केले आणि बॅसिलस हा शब्द रूढ झाला. लॅटिनमध्ये त्याचाही अर्थ छोटी काठीच. गोल जीवांना कॉकस म्हटले गेले, ते धान्याचा दाणा किंवा बोरासारखे फळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. १८७८ मध्ये फ्रेंच शल्यचिकित्सक सेदियो यांनी लहान आणि जीवन या अर्थाचे दोन ग्रीक शब्द एकत्र करून मायक्रोब हा शब्द सुचवला.

व्हिब्रिओ हे नाव भारताच्या इतिहासाशी दुःखद रीतीने जोडले गेले. पटकीच्या साथींनी १९ व्या शतकात लक्षावधी माणसांचे बळी घेतले. इटलीतील फिलिपो पाचिनी यांनी १८५४ मध्ये या रोगाचे जीव पाहून त्यांना व्हिब्रिओ म्हटले होते, पण त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ च्या प्रारंभी कलकत्त्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जीवाणू शुद्ध स्वरूपात वाढवला आणि तोच पटकीचे कारण असल्याचे सांगितले. पाण्याच्या थेंबातल्या प्राण्यांकडे मौज म्हणून पाहण्याचा काळ त्यानंतर संपला.

आकारांची नावे मिळाली, तरी हे जीव आतून कसे आहेत हा प्रश्न बाकी होता. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी ऑर्किडच्या पेशींमधील गोल पिंडाला न्यूक्लियस हे नाव दिले; लॅटिनमध्ये त्याचा अर्थ फळातला गर किंवा बी. मराठीत आपण त्याला केंद्रक म्हणतो. माशांच्या लंबगोल रक्तपेशींच्या मध्यभागी फिकट ठिपका असतो, हे लेव्हेनहूक यांनी फार पूर्वीच नोंदवले होते. म्हणजे केंद्रक असलेल्या पेशी आणि केंद्रक नसलेले जीव, दोन्ही त्यांनी पाहिले होते. या दोहोंमध्ये सजीव सृष्टीतील सर्वांत मोठी सीमारेषा आहे, हे त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते.

ही सीमारेषा शब्दांत मांडली ती फ्रेंच जीवशास्त्रज्ञ एदुआर शातों यांनी. १९२५ मधील एका लेखात त्यांनी सजीवांचे दोन गट केले. ग्रीक कारिऑन म्हणजे कठीण कवचाचे फळ किंवा त्यातला गर. प्रो म्हणजे आधीचा, यू म्हणजे खरा किंवा चांगला. ज्यांच्यात अजून गर तयार झालेला नाही ते प्रोकॅरिओट आणि ज्यांच्यात खरा गर आहे ते युकॅरिओट. या शब्दांकडे अनेक वर्षे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. रॉजर स्टॅनिअर आणि कॉर्नेलिस व्हान नील यांनी १९६२ मध्ये जीवाणू म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर देताना ते पुढे आणले आणि मग ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. व्हान नील यांचे शिक्षण डेल्फ्टमध्येच झाले होते.

मराठी पाठ्यपुस्तकांत या दोन गटांना आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी पेशी म्हणतात. आदिकेंद्रकी पेशीची रचना सुटसुटीत असते. बाहेर पेशीभित्तिका, तिच्या आत पेशीपटल आणि त्यात पेशीद्रव्य. केंद्रकाला पटल नसल्याने आनुवंशिक द्रव्य पेशीद्रव्यातच एका भागात गुंडाळलेले असते. तंतुकणिका, हरितलवके यांसारखी पटलांनी वेढलेली अंगके तिच्यात नसतात. प्रथिने तयार करणारे रायबोझोम मात्र असतात. बहुतेक जीवाणूंची लांबी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापासून काही हजारांश भागांपर्यंत भरते. ऊर्जा मिळवणे, वाढणे, दुभंगून संतती निर्माण करणे ही सारी कामे एवढ्याशा जागेत, वेगळ्या खोल्यांवाचून, चालतात.

अंगकांचा हा अभाव म्हणजे उणीव नव्हे, हेही पुढे स्पष्ट झाले. दृश्यकेंद्रकी पेशीतील तंतुकणिका हे एकेकाळचे स्वतंत्र जीवाणूच होत, हे लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये नेटाने मांडलेले मत आज सर्वमान्य आहे. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की केंद्रक नसलेल्या जीवांमध्येही दोन अगदी वेगळी कुळे आहेत. दुसऱ्या कुळाला पुढे आर्किया, म्हणजे प्राचीन, हे नाव मिळाले. त्यामुळे प्रोकॅरिओट हा शब्द ठेवावा की टाकावा, असा वादही शास्त्रज्ञांत झाला. नाव रूढ होते आणि मग ज्ञान त्याच्या पुढे निघून जाते, याचे हे ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

आपल्या केंद्रक या शब्दाचेही असेच आहे. तो अस्सल संस्कृत वाटतो. परंतु संस्कृतातील केंद्र हा शब्द ग्रीक केंट्रॉनवरून, खगोलगणिताच्या ग्रंथांबरोबर, भारतात आला. त्याचा मूळ अर्थ टोचणी किंवा अणकुचीदार टोक. कंपासचे टोक जिथे रुतते ते वर्तुळाचे केंद्र. पिप्पली ग्रीकांकडे गेली आणि केंट्रॉन आपल्याकडे आला.

अखेरचे पत्र

लेव्हेनहूक यांना दीर्घायुष्य लाभले. नव्वदी गाठल्यानंतरही त्यांची पत्रे थांबली नव्हती. अखेरच्या दिवसांत छातीखालच्या पडद्याला झटके येऊन त्यांचा श्वास कोंडू लागला. वैद्यांचे निदान त्यांना पटले नाही. त्यांनी आपल्या लक्षणांचेही बारकाईने वर्णन करून ते लंडनला कळवले. या दुर्मिळ विकाराला आज त्यांचेच नाव दिले जाते. मृत्यूशय्येवर असताना त्यांनी एका मित्राला बोलावून आपली दोन पत्रे लॅटिनमध्ये भाषांतरित करून रॉयल सोसायटीला पाठवण्याची विनंती केली. आयुष्यभर ज्या भाषेवाचून त्यांचे काम अडले नव्हते, तिच्यात आपले शेवटचे शब्द जावेत याची त्यांनी व्यवस्था केली. २६ ऑगस्ट १७२३ रोजी त्यांचे निधन झाले. डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांच्या इच्छेनुसार मुलगी मारिया यांनी चांदीच्या २६ सूक्ष्मदर्शकांची पेटी रॉयल सोसायटीला भेट दिली. १९ व्या शतकात ती गहाळ झाली. उरलेली उपकरणे मारिया यांच्या मृत्यूनंतर १७४७ मध्ये लिलावात विकली गेली आणि बहुतेक नाहीशी झाली. पत्रे मात्र राहिली. ब्रिटिश शास्त्रज्ञ क्लिफर्ड डोबेल यांनी त्यांसाठी १७ व्या शतकातील डच भाषा आत्मसात केली आणि १९३२ मध्ये, लेव्हेनहूक यांच्या जन्माला ३०० वर्षे झाली तेव्हा, त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. १९८१ मध्ये ब्रायन फोर्ड यांना सोसायटीच्या दप्तरखान्यात पत्रांना जोडलेल्या कागदी पुड्या सापडल्या. त्यांत लेव्हेनहूक यांनी स्वतः कापलेले बुचाचे आणि वनस्पतींच्या गाभ्याचे पातळ काप तसेच होते.

भिंगाचे गुपित फुटायला त्याहूनही वेळ लागला. २०२१ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी उपकरण न उघडता, न्यूट्रॉन किरणांच्या साह्याने, उट्रेख्टच्या सूक्ष्मदर्शकाच्या आतील भिंगाची प्रतिमा मिळवली. ते घासून घडवलेले नव्हते, तर काच वितळवून केलेला गोल मणी होता. ही कृती रॉबर्ट हुक यांनी आपल्या ग्रंथात आधीच छापलेली होती. ज्यांनी त्यांचा शब्द खरा ठरवला, त्यांच्याच पुस्तकातली रीत लेव्हेनहूक यांनी आयुष्यभर गुपित म्हणून जपली.

सूक्ष्मजीवशास्त्रातील कार्यासाठी त्यांच्या नावाचे पदक दिले जाते. ते मिळवणाऱ्यांत एरेनबर्ग, कोन, व्हान नील आणि वूझ यांची नावे आहेत. जीवांना नावे देणारे आणि त्यांची कुळे लावणारे हे सारे विद्वान होते. माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात, असा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या स्वतःच्या पेशींची संख्याही जवळपास तेवढीच आहे. त्यांची पहिली वस्ती दिसली होती ती डेल्फ्टच्या एका व्यापाऱ्याच्या दातांच्या फटीत, आणि तिथल्या रहिवाशांना त्याने म्हटले होते फक्त चिमुकले प्राणी.